निवृत्तीनंतरचा आरोग्य विमा आणि तब्येतीची उद्दिष्टं: मराठवाड्यातल्या पेन्शनरांचे नेहमीचे प्रश्न

हे प्रश्न ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीत, ट्रेझरीच्या ओट्यावर आणि लग्नाच्या पंगतीतही विचारले जातात. बऱ्याच जणांना वाटतं की आपल्यासाठी योजनाच नाही. प्रत्यक्षात योजना असते, पण कागद जुळत नाहीत म्हणून ऐन वेळी अडकते. त्यामुळे इथे कागदांबद्दल जरा जास्तच लिहिलं आहे.

निवृत्त झालो. आता मला नेमकं कोणतं कवच आहे?

तुम्ही कुठून निवृत्त झालात, यावर ते ठरतं. माजी सैनिकांना ईसीएचएस ही त्यांची आरोग्य योजना आहे. केंद्र सरकारच्या पेन्शनरांना सीजीएचएस ही केंद्राची आरोग्य योजना आहे, आणि सीजीएचएसच्या हद्दीबाहेर राहणाऱ्यांना महिन्याला 1000 रुपये ठरावीक वैद्यकीय भत्ता घेता येतो. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना नोकरीत असताना दवाखान्याची बिलं मंजूर करून घेता येतात. निवृत्तीनंतर ती सोय राहत नाही आणि इथेच अनेक गुरुजी फसतात. निवृत्तांसाठी राज्य शासनाची समूह विमाछत्र योजना आहे, पण तिचा हप्ता आपल्या खिशातून भरावा लागतो. ती तुमच्या संवर्गाला लागू आहे का, हे निवृत्तीच्या आधीच आस्थापना शाखेत विचारून घ्या.

वाळूज, चिकलठाण्याच्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्यांनी एक गोष्ट विसरू नये. ईएसआयसीत (कामगार राज्य विम्यात) किमान 5 वर्षं विमित नोकरी झाली असेल आणि ईएसआयसीत असतानाच वयोमानाने निवृत्त झाला असाल, तर वर्षाला फक्त 120 रुपये भरून नवरा-बायको दोघांचे उपचार पुढेही सुरू राहतात. ही माहिती कंपनीतून निघताना सहसा कोणी सांगत नाही. ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात जाऊन स्वतःच विचारावं लागतं.

यातलं काहीच नसेल तरी राज्याची महात्मा फुले योजना आणि केंद्राची आयुष्मान या मोफत उपचाराच्या योजना आहेतच.

माझं रेशनकार्ड पांढरं आहे आणि पेन्शनही बरी आहे. महात्मा जोतिराव फुले योजना मला चालेल का?

चालते. आधी ती पिवळ्या आणि केशरी कार्डापुरती होती. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत पांढरं कार्ड असलेल्या शेतकऱ्याला सातबारा दाखवून लाभ मिळायचा, पण नोकरदार पेन्शनर बाहेरच राहायचा. 1 जुलै 2024 पासून योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली झाली आणि कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाचं कवच 5 लाखांवर गेलं. ही योजना 2012 साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नांदेड होतं. त्यामुळे नांदेडकडच्या जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘जीवनदायी’च आहे. दवाखान्यात त्या नावाने विचारलंत तरी समजतं.

मात्र योजनेच्या यादीत असलेलाच दवाखाना आणि यादीत असलेलाच उपचार यात बसतो. मोठ्या पाटीचा प्रत्येक दवाखाना यादीत असेलच असं नाही.

सत्तरी ओलांडल्यावर वेगळं कार्ड काढायचं असतं म्हणे?

हो, आयुष्मान वय वंदना कार्ड. 29 ऑक्टोबर 2024 पासून 70 आणि त्यापुढच्या सगळ्यांना ते मिळतं. उत्पन्नाची, जमिनीची, पेन्शनची अट नाही. आधारवर वय 70 दिसलं पाहिजे, एवढंच. वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार होतात आणि जुन्या आजारासाठी थांबावं लागत नाही. पहिल्या दिवसापासून शुगर, बीपी, हृदयरोग सगळं धरलं जातं.

दोन गोष्टी लोक चुकीच्या धरतात. पहिली म्हणजे घरात नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढचे असतील तर 5 लाख दोघांत मिळून असतात, प्रत्येकी नाही. दुसरी, खासगी मेडिक्लेम किंवा ईएसआयसी असली तरी हे कार्ड काढता येतं. सीजीएचएस आणि ईसीएचएसवाल्यांना मात्र दोनांतलं एक निवडावं लागतं. त्यांनी घाईत कार्ड काढू नये, कारण त्यांची आधीची सोय बाह्यरुग्ण उपचार आणि औषधंही देते. आयुष्मान भरती झाल्यावरचं पाहतं.

आधारवर नाव एक, रेशनकार्डावर दुसरं, पेन्शनच्या कागदावर तिसरं. चालेल का?

बहुतेक वेळा इथेच माशी शिंकते. एकीकडे ‘शेषराव’, दुसरीकडे ‘शेषेराव’. बायकांच्या बाबतीत एका कागदावर माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं, तिसऱ्यावर नावापुढे ‘बाई’ जोडलेलं. जन्मतारखेचं तर विचारूच नका. शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी अर्ध्या गावाला 1 जून ही तारीख देऊन टाकली, आणि आधार काढताना ऑपरेटरने अंदाजाने वर्ष टाकलं. माणूस खरा 72 चा, आधारवर 67 चा. अशा माणसाला वय वंदना कार्ड मिळत नाही. शाळा सोडल्याचा दाखला आणि सेवापुस्तक दाखवून आधी आधार दुरुस्त करावं लागतं. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, म्हणून तो प्रयत्न पक्क्या कागदावरच करा.

दुरुस्तीला दिवस लागतात. आजारी माणूस अतिदक्षता विभागात आणि मुलगा आधार केंद्राच्या रांगेत, ही वेळ येऊ देऊ नका. नावं जुळवण्याचं काम हातपाय धड असतानाच उरका.

आईचे अंगठेच उमटत नाहीत. आयुष्यभर शेतात राबलेली बाई.

अंगठ्यावर अडून बसू नका. आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो किंवा आयुष्मान ॲपमधून चेहऱ्याने ओळख पटवता येते. आशाताई, आपले सरकार सेवा केंद्र किंवा यादीतल्या दवाखान्यातला आरोग्यमित्र यांच्यापैकी कोणीही हे करून देतं. पण फोनवरून कोणी ‘कार्ड काढून देतो, ओटीपी सांगा’ म्हणालं, तर फोन ठेवून द्या.

कार्ड दाखवलं तरी दवाखान्याने पैसे मागितले. काय करायचं?

आधी आरोग्यमित्राकडे जा. यादीतल्या प्रत्येक दवाखान्यात तो असतो आणि रुग्णाला मदत करणं हेच त्याचं काम आहे. योजनेत बसणाऱ्या उपचारासाठी वरचे पैसे घेता येत नाहीत. तरी मागितलेच, तर पावती मागा. नुसत्या पावतीच्या मागणीनेही पुष्कळदा विषय मिटतो. नाही मिटला तर महात्मा फुले योजनेसाठी 155388 आणि आयुष्मानसाठी 14555 हे फुकटचे नंबर आहेत. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा.

‘बेड नाही’ हे उत्तर मात्र वेगळं. तिथे वाद घालण्यात वेळ न दवडता शेजारचा यादीतला दवाखाना गाठा. छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं हा मोठा आधार आहे. गर्दी असते हे खरं, पण अवघड केस शेवटी तिथेच येते.

उदगीर, देगलूरकडून आम्ही हैदराबादला जातो. तिथे चालतं का?

आयुष्मान देशभर चालतं, अर्थात यादीतल्या दवाखान्यात. हैदराबादेतही आणि पोरं असतात त्या पुण्यातही. फक्त महात्मा फुले योजनेच्या भरवशावर राज्याबाहेर जाऊ नका.

दर महिन्याच्या गोळ्यांचे पैसे कोणी देईल का?

या दोन्ही योजनांत नाही, आणि बहुतेक मेडिक्लेममध्येही नाही. भरतीच्या आधीचा आणि नंतरचा ठरावीक दिवसांचा खर्च तेवढा मिळतो. आयुष्मानमध्ये तो आधीचे 3 आणि नंतरचे 15 दिवस असा आहे. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्र बघा. डॉक्टरांना चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहायला सांगा, फरक पहिल्याच महिन्यात कळेल. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातही या गोळ्या मिळतात.

सरकारी कार्ड आहे, तर खासगी पॉलिसी कशाला?

वय 70 च्या पुढे आणि हात आखडता असेल तर कार्डावर भागवा, असं मी स्पष्ट सांगतो. पासष्टीला शुगर-बीपी घेऊन नवीन पॉलिसीचा हप्ता दोन पेन्शनच्या घरात जातो. पण साठीच्या आतबाहेर आहात, हप्ता झेपतो आणि आपल्या पसंतीचा दवाखाना हवा, तर घ्या. 2024 पासून नवीन पॉलिसीसाठी वयाची वरची मर्यादा विमा नियामकाने काढून टाकली आहे. जुन्या आजारासाठी थांबण्याचा काळ जास्तीत जास्त 36 महिने आहे, पूर्वी तो 48 होता.

कोणती घ्यावी हे कळत नसेल तर आरोग्य संजीवनी ही ठरावीक साच्याची पॉलिसी बघा. सगळ्या कंपन्यांत अटी सारख्याच असल्याने फक्त हप्त्याची तुलना करायची. तिच्यात प्रत्येक क्लेमचा 5 टक्के वाटा आपण उचलायचा असतो आणि मोतीबिंदूला एका डोळ्यामागे 40,000 पर्यंतच मर्यादा आहे.

एजंट म्हणतो शुगर लिहू नका, हप्ता वाढेल. काय करू?

लिहा. एजंटचं कमिशन त्याच दिवशी पक्कं होतं, क्लेम मात्र तुमचा अडकतो. सलग 60 महिने पॉलिसी चालल्यावर, उघड फसवणूक सोडून, ‘आजार सांगितला नव्हता’ म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. त्या आधी ती जुनी चिठ्ठी शोधून काढते.

आणि एक बारीक गोष्ट, जिच्यामुळे चांगले क्लेम गेलेले पाहिले आहेत. भरती करताना कनिष्ठ डॉक्टर विचारतो, ‘काकांना शुगर किती वर्षांपासून?’ घाबरलेला पुतण्या सांगतो, ‘असेल दहा-पंधरा वर्षं.’ खरी शुगर तीनच वर्षांची. पण केसपेपरवर ‘15 वर्षांपासून’ लिहिलं गेलं आणि कंपनीला तोच कागद पुरला. म्हणून कोणता आजार कोणत्या साली निघाला, कोणती गोळी चालू आहे, कोणतं ऑपरेशन झालं, हे एका कागदावर लिहून आधार कार्डाबरोबर ठेवा. भरती करायला शेजारी गेला तरी तोच कागद डॉक्टरांपुढे धरेल.

रूम जरा चांगली घेतली तर तेवढाच फरक भरावा लागेल ना?

नाही, आणि याचा धक्का डिस्चार्जच्या दिवशी बसतो. समजा, पॉलिसीत रूमची मर्यादा रोज 3000 आहे आणि तुम्ही 6000 ची घेतली. चार दिवसांचं बिल 1,20,000 झालं: रूम 24,000, सर्जन-व्हिजिट-नर्सिंग-ऑपरेशन थिएटर 60,000, औषधं आणि तपासण्या 36,000. तुम्हाला वाटतं खिशातून 12,000 जातील. पण रूम दुप्पट म्हणून सर्जन आणि थिएटरचे पैसेही कंपनी निम्मेच धरते, कारण दवाखाने रूमच्या दर्जाप्रमाणे तेही दर वाढवतात. औषधं-तपासण्यांना ही कात्री लागत नाही. हिशेब केला तर कंपनी 78,000 देते आणि तुम्ही 42,000 भरता. म्हणून भरती होताना काउंटरवर पहिला प्रश्न हाच विचारा: माझ्या पॉलिसीत कोणती रूम बसते?

कॅशलेसच्या (कंपनीने थेट दवाखान्याला पैसे देण्याच्या) विनंतीवर कंपनीने एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत उत्तर द्यायचं, असा 2024 पासून नियम आहे. त्यापुढे उशीर झाला आणि दवाखान्याने जादा आकार लावला, तर तो कंपनीच्या माथी.

मुलाच्या पुण्यातल्या कंपनीच्या विम्यात आमची नावं आहेत. बास ना?

मुलगा त्या कंपनीत आहे तोवर बास. आयटीतली पोरं दोन-तीन वर्षांत कंपनी बदलतात, आणि मधल्या महिन्यातच नेमका वडिलांना छातीत दुखतं. नोकरी सुटताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि जुन्या आजारासाठी थांबून काढलेला काळही धरला जातो. पण तो अर्ज मुलाने वेळेत करायला हवा. त्याला आजच सांगून ठेवा.

हप्ता दर वर्षी वाढतोय. बंद करू का?

एकदम बंद करू नका. जानेवारी 2025 पासून 60 च्या पुढच्यांचा हप्ता वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी नियामकाशी बोलावं लागतं. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटीही गेला, तेव्हा नव्या पावतीवर तो दिसत असेल तर विचारणा करा. कंपनी बदलायची असेल तर मुदत संपण्याच्या किमान 45 दिवस आधी पोर्टिंगचा अर्ज द्या. वार्षिक हप्ता चुकला तरी 30 दिवसांची सवलत असते.

इन्कम टॅक्समध्ये सूट?

जुनी करपद्धत निवडली असेल तरच. ज्येष्ठांना कलम 80डीखाली 50,000 पर्यंत वजावट मिळते. पॉलिसीच नसेल तर औषधोपचाराचा खर्चही त्यात धरता येतो. पैसे रोखीने देऊ नका, रोख चालत नाही.

पॉलिसीत ‘वेलनेस’ लिहिलंय, पावलं मोजली तर हप्ता कमी होतो म्हणे. खरं का?

काही कंपन्या देतात. मोबाईलवर पावलं मोजायची, गुण मिळवायचे आणि नूतनीकरणाला थोडी सूट घ्यायची. त्या सवलतीसाठी चालू नका, ती फार मोठी नसते. पण त्याच पानावर खाली वार्षिक मोफत तपासणी लिहिलेली असते आणि ती बहुतेक जण घेतच नाहीत. हप्ता तुम्ही भरलाय, तपासणी वसूल करा.

मग या वयात उद्दिष्ट ठेवायचं तरी किती?

जागतिक आरोग्य संघटना 65 च्या पुढच्यांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम आणि आठवड्यातून तीन दिवस तोल व ताकदीचा व्यायाम सांगते. आपल्याकडे पहिला भाग लोक मनावर घेतात, दुसरा कोणीच नाही. रोज तासभर चालणारे तात्या मोरीत घसरून खुब्याचं हाड मोडून घेतात, कारण मांडीत ताकद नसते. हात न टेकता खुर्चीतून उठा आणि बसा. सुरुवातीला पाच वेळा, जमेल तसं दहा. भिंतीला हात लावून एका पायावर उभं राहा. मोरीत धरायला दांडी बसवा. मिस्त्री अर्ध्या दिवसात बसवून देतो.

गुडघे दुखतात म्हणून चालणं सोडू नका. सपाट जागा निवडा, बूट घाला आणि वजन उतरवा.

मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण एक छोटा चमचा. भाजीतलं मीठ कमी करून वर ठेचा, लोणचं आणि पापड घेतला तर हिशेब तिथेच फसतो. भाकरी ज्वारीची हवीच, पण तिच्याबरोबर डाळ-उसळही हवी. या वयात स्नायू टिकायचे तर प्रथिनं लागतात.

शुगरचं लक्ष्य सगळ्यांना एकच नसतं. तब्येत ठणठणीत असेल तर एचबीए1सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) सातच्या आसपास ठीक. पण एकटे राहणारे, किडनी किंवा हृदय कमजोर असलेले, चक्कर येणारे, यांना डॉक्टर आठच्या आत चालवून घेतात. म्हाताऱ्या माणसाची शुगर एकदम उतरणं हे थोडी वाढण्यापेक्षा घातक.

उन्हाळ्यात फिरायला कधी जायचं?

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा 42 च्या पुढे जातो. सकाळी सातच्या आत परत या. संध्याकाळी रस्ता तापलेला असतो, त्यापेक्षा घरात खुर्चीचे व्यायाम बरे. वयाबरोबर तहान कमी लागते, म्हणून तहानेची वाट न पाहता पाणी प्या. फक्त हृदय किंवा किडनीच्या रुग्णांनी किती प्यायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. बीपीची पाणी काढणारी गोळी चालू असेल तर उन्हाळ्याआधी एकदा डॉक्टरांना भेटाच, डोस बदलावा लागू शकतो.

एकादशीला गोळी घ्यायची की नाही?

ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी किंवा इन्शुलिन घेऊन पोट रिकामं ठेवलं तर शुगर धोकादायक उतरते. उलट साबुदाणा आणि बटाटा खाऊन ती चढते. उपवासाच्या दिवशी कोणती गोळी किती घ्यायची, हे आषाढी आणि नवरात्राच्या आधी लिहून घ्या. पायी वारीला जाणाऱ्यांनी पायांची रोज तपासणी करावी. शुगरवाल्याला फोड दुखत नाही, आणि तोच पुढे चिघळतो.

आई मिश्री लावते, वडील तंबाखू मळतात. आता या वयात सोडून काय फायदा?

फायदा कोणत्याही वयात आहे. नाही सुटली तरी तोंड तपासून घ्या. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवडे न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं, यातलं काही दिसलं की थेट दवाखाना. आरोग्य केंद्रात तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी फुकट होते. मिश्रीवाल्या मावश्या ‘माझं काही दुखत नाही’ म्हणून तपासणीला येत नाहीत. सुरुवातीला दुखतच नसतं.

वर्षाला काय काय तपासावं? लस?

बीपी, शुगर, क्रिएटिनिन (किडनीसाठी), हिमोग्लोबिन. शुगर असेल तर डोळ्याचा पडदा आणि पाय. ऐकू कमी येत असेल तर कान, कारण ऐकू न येणारा माणूस हळूहळू बोलणंच टाकतो आणि घरच्यांना वाटतं डोकं चालत नाही. लशींत फ्लूची दर वर्षी, आणि न्यूमोनियाची डॉक्टरांना विचारून. हे सगळं नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याबरोबर करून टाकलं तर विसरत नाही.

चष्मा, काठी, श्रवणयंत्र याला मदत?

65 च्या पुढे आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 2 लाखांच्या आत असेल, तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकदाच 3000 रुपये खात्यात येतात. चौकशी समाजकल्याण कार्यालयात. इतर अडचणींसाठी, एकटेपणा आणि घरातला त्रास धरून, ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567.

क्लेम नाकारला. आता कोर्ट?

कोर्टाआधी बरंच आहे. आधी नकाराचं कारण लेखी मागा, पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली नाकारलं ते त्यात हवं. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या विमा लोकपालाकडे जा. मराठवाड्यासाठी पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील नाही, 50 लाखांपर्यंतचे दावे चालतात आणि कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून वर्षाच्या आत अर्ज द्यावा लागतो. साध्या मराठीत, तारखांच्या क्रमाने लिहा. रागाचे दोन परिच्छेद गाळले तरी चालतील, डिस्चार्ज समरी मात्र जोडलीच पाहिजे.

तपासणीला संभाजीनगरला जायचं, भाड्याचं काय?

75 पूर्ण झालेल्यांना एसटी फुकट, 65 ते 75 वाल्यांना अर्धं तिकीट. आधार कार्ड जवळ ठेवा. सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे. हैदराबादकडे जाणाऱ्यांनी पुढचे सुटे पैसे खिशात ठेवावेत.